कर्जतला गेलेली छत्री

"कविता म्हणजे ओळी मध्येच तुटतात ती. नाटक म्हणजे नावापुढे दोन टिंबं. आणि उरतो तो धडा."

डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीच्या गच्चीलगतच्या खोलीत शनिवारी आठ-दहा मुलं जमतात. त्यांतल्या सहावीतल्या एकानं ही व्याख्या केली, आणि पुस्तक लांब धरून पाहिलं तर ती खरीही आहे. शाळेतली सवयही तशीच असते. कविता पाठ करायची, धड्याखालची प्रश्नोत्तरं लिहायची, नाट्यप्रवेश आला की दोघांना उभं करून वाचून घ्यायचा. मला लागला तो 'उरतो' हा शब्द. गद्य असं उरलंसुरलं नसतं.

त्याच आठवड्यात एका मुलीच्या आजोबांनी घरी 'गद्य नाटक' असा शब्द वापरला होता. ती गोंधळून विचारत होती, मग ते गद्य की नाटक? प्रश्न रास्त होता. आपल्याकडे नाटक म्हटलं की पदं गृहीतच असायची, म्हणून पदं नसलेल्याला वेगळं नाव द्यावं लागलं. 1843 साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पद्यातून कथानक पुढे न्यायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. मुलांना याचं फार नवल वाटलं. पाठ न करता नाटक!

व्याख्या बाजूला ठेवून मी म्हटलं, एकच गोष्ट तीनदा लिहू. गोष्ट आयतीच मिळाली. पाचवीतली एक मुलगी मावशीबरोबर ठाण्याहून येताना कर्जत लोकलमध्ये नवी छत्री विसरली होती.

धड्यासारखं तिनं झकास लिहिलं. गर्दी, खिडकीच्या दांडीला अडकवलेली छत्री, उतरायच्या वेळची ढकलाढकली, जिना चढताना रिकामा वाटलेला हात. गद्याला सवड असते. 'म्हणून', 'तरीही', 'तेवढ्यात' असे शब्द त्याला परवडतात आणि त्यांच्या आधारानं ते एका गोष्टीतून दुसरीत जातं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

नाटकात मात्र आई म्हणाली, "बाबांनी फडके रोडवरून आणलेली नवी निळी छत्री तू आज लोकलमध्ये विसरलीस ना?" मी विचारलं, ही छत्री कुणी आणली हे तुला ठाऊक नाही का? मग आई ते कुणाला सांगतेय? ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. दुसऱ्या खर्ड्यात एवढंच राहिलं:

आई: छत्री?
मुलगी: आज पाऊस नव्हताच.

सगळे हसले आणि लगेच गप्पही झाले. ती काहीतरी लपवतेय हे प्रत्येकाला कळलं होतं. नावापुढची दोन टिंबं तीच होती, पण आता त्यांच्या मागे कुणीतरी उभं होतं.

कवितेनं सर्वांत जास्त छळलं. छत्री-रात्री असं यमक जुळवून तिनं बारा ओळी केल्या आणि स्वतःच खोडल्या. शेवटी वहीत दोनच ओळी होत्या:

कर्जतला पोचली असेल ती
पहिल्यांदाच, माझ्याशिवाय.

पुढे काय, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग मी त्यांना राम गणेश गडकऱ्यांबद्दल सांगितलं. ठाण्यात तलावपाळीला ज्यांच्या नावाचं रंगायतन आहे, ते. 1885 ते 1919, पुरतं चौतीस वर्षांचंही नाही असं आयुष्य. कविता लिहिल्या गोविंदाग्रज या नावानं, विनोदी लेख बाळकराम होऊन, आणि नाटकं स्वतःच्या नावानं. त्यांना गुरू मानणारे आचार्य अत्रे कवितेपुरते केशवकुमार झाले. कल्याणचं रंगमंदिर या अत्र्यांच्या नावाचं. आणि आमच्या डोंबिवलीचं कलामंदिर सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं. त्या शिक्षिका, आणि 1854 साली छापलेल्या 'काव्यफुले'च्या कवयित्रीही. ही तिन्ही नावं मुलं येता-जाता वाचतात. त्यांच्यामागची माणसं त्यांना भेटावीत असं मला फार वाटतं.

छत्रीवाली म्हणाली, "गडकऱ्यांच्या पण तीन वह्या असतील."

पुढच्या शनिवारी तिनं नाटक पुन्हा करून दाखवलं. आई झालेली मुलगी दाराकडे गेली. तिथल्या रिकाम्या खिळ्याला हात लावून, कुणाकडेही न बघता म्हणाली, "कर्जतला पोचली असेल ती." एवढंच. 'माझ्याशिवाय' तिनं गाळलं होतं.

दोन टिंबंवाला मुलगा पुढे सरकला. "ही कविता की नाटक?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या दोघींना म्हटलं, पुन्हा एकदा करा.