नखे कापणारे साहेब

साहेबांच्या खाकी पिशवीत पंचायत समितीचे टपाल, जेवणाचा डबा, एक पेचकस, खिळ्यांची पुडी आणि एक नेलकटर असे. केंद्रप्रमुख शाळेवर आले की आधी हजेरीपत्रक मागतात, मग टाचणवही, मग पोषण आहाराचा हिशेब, असे मला डी.एड.च्या वेळी सगळ्यांनी बजावून ठेवले होते. त्या सगळ्या वह्या मी टेबलावर रचून ठेवल्या होत्या. साहेबांनी दारातच चपला काढल्या, तिसरीच्या पोरांत मांडी घालून बसले आणि समोरच्या मुलाला म्हणाले, "एका हातात पुस्तक धर, दुसरा माझ्याकडं दे. आणि वाच."

ही 2003 सालची गोष्ट. मी माण तालुक्यातली. इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला होता. मानधन दरमहा 3,000 रुपये. दोन खोल्या, चार वर्ग. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. शाळेच्या मागे नीरा डाव्या कालव्याची चारी आणि तिच्या पलीकडे नजर जाईल तिथवर ऊस. माझ्या माहेरी पावसाची वाट पाहण्यात आयुष्य गेलेले; इतके पाणी बघून पहिले काही दिवस मला झोप लागली नव्हती.

एका मुलाची दहा नखे कापून होईपर्यंत साहेबांना कळलेले असे, की हा जोडाक्षरावर अडतो, हा ओळ पाठ करून म्हणतो आहे, आणि हिला सगळे वाचता येते पण काय वाचले ते सांगता येत नाही. पोरांना मात्र साहेब आपली नखे कापताहेत एवढेच माहीत. त्यामुळे भीती नाही. मी मात्र भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या घशाला कोरड पडली होती, कारण महिनाभरात मला जे दिसले नव्हते ते तासाभरात माझ्या डोळ्यांसमोर उघडे पडत होते.

जाताना त्यांनी शेरेबुक मागितले. त्यात माझ्याविषयी अक्षर नव्हते. तीन मुलांची नावे होती आणि खाली लिहिले होते, "या तिघांना जोडाक्षरे येत नाहीत. येत्या गुरुवारी मी दोन तास घेईन. बाईंनी बसून पाहावे."

निघण्यापूर्वी पेचकस काढून ते शाळेच्या मागच्या बाजूला गेले. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली होती. महिनाभर मी सकाळी घरून निघताना पाणी पीत नव्हते आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. साहेबांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी कडी बसवली, दार दोनदा लावून पाहिले आणि मोटरसायकलला किक मारली. त्या कडीबद्दल आम्ही दोघेही पुढे कधी एक शब्द बोललो नाही.

गुरुवारी ते आले. दोन तास शिकवले. मी मागे पोरांत बसून पाहिले. पुढच्या गुरुवारी मी शिकवले आणि ते मागे बसले. माझे खरे डी.एड. तिथे झाले असे मी आजही मानते.

केंद्रप्रमुखाचे काम कागदावर फार कोरडे दिसते. एका केंद्रात दहा-बारा, कुठे पंधरा शाळा. भेटी द्यायच्या, महिन्याला शिक्षकांची परिषद घ्यायची आणि वरून मागितलेली माहिती खालून गोळा करून वर पाठवायची. या शेवटच्या कामातच माणूस बुडतो. "तातडीचे, आजच्या आज" असा शेरा मारलेला तक्ता आला की वर्गात शिकवणारा शिक्षक खडू ठेवतो आणि पेन घेतो. पोरे अंकलिपी गिरवत बसतात. आमच्या केंद्रात हे बऱ्याच अंशी थांबले होते, कारण साहेब प्रत्येक शाळेची माहिती एका जाड वहीत स्वतः ठेवत आणि तक्ते रात्री घरी बसून भरत. आमच्याकडून फक्त सही घ्यायला येत. आम्ही एकदा म्हणालो, "साहेब, हे आमचं काम आहे." ते म्हणाले, "तुमचं काम आत बसलंय. त्याला जाऊन बघा."

आता माझी एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे ऋण कसले ते कळणार नाही.

तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला आणि सातवीला असे (2016-17 मध्ये ती पाचवी-आठवीला गेली). बारामती-इंदापूर पट्ट्यात या परीक्षेला लग्नकार्याचे महत्त्व. शाळेचे नाव शिष्यवृत्तीवर, शिक्षकाची पत शिष्यवृत्तीवर, आणि बारामतीच्या इंग्रजी शाळेत पोरगा घालायचा की इथेच ठेवायचा हेही शिष्यवृत्तीवर ठरे. दुसऱ्या वर्षी मी चौथीतली चार हुशार मुले निवडली. सकाळी आठ वाजल्यापासून जादा तास, रविवारीसुद्धा. त्यातला एक मुलगा गुणवत्ता यादीत आला. गावाने सत्कार ठेवला, फेटे बांधले, मला साडी दिली. साहेब आले, मुलाच्या गळ्यात हार घातला, त्याच्या आईला हात जोडले. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलताना (खुर्च्या ते उचलत होते) मला हळूच म्हणाले, "बाई, बाकीचे कुठवर आले?"

मला उत्तर देता आले नाही. त्या चौघांच्या नादात शेवटच्या ओळीतली सहा पोरे वर्षभर जिथल्या तिथे राहिली होती. त्यांतल्या दोघींना पाचवीच्या शाळेत जाताना आपल्या नावापलीकडे धड वाचता येत नव्हते. त्या दोघी आज कुठे आहेत, मला ठाऊक नाही. साहेब रागावले नाहीत. पुढचे वर्षभर दर आठवड्याला येऊन शेवटची ओळ त्यांनी घेतली आणि पुढची माझ्याकडे ठेवली. वर्षाच्या मध्यावर मीच म्हणाले, "आता मागची मला द्या."

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्याच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडत. बीड-नगरकडच्या टोळ्या टायरगाड्या घेऊन येत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. पहाटे चारला आई-बाप फडात. कोपीत उरायची पोरे. मोठीने धाकट्याला सांभाळायचे, पाणी भरायचे, दुपारी वाढे बांधायला जायचे. ही पोरे कोणाच्याच पटावर नसत. गावाकडच्या शाळेत नाव असे पण मूल नसे. इथे मूल असे पण नाव नसे.

साहेब मला संध्याकाळी कोप्यांवर घेऊन गेले. दिवसा जाऊन उपयोग नाही, चुली पेटल्यावरच माणसे भेटतात, हे त्यांना माहीत होते. एक आठेक वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती. आई म्हणाली, "ही साळंत गेली तर ह्याला कोण बघंल?" साहेब म्हणाले, "त्यालाबी पाठवा." दुसऱ्या दिवशी वर्गाच्या मागच्या बाजूला त्यांनी छताच्या कडीला झोळी बांधली. ती मुलगी वेलांटी-उकार शिकत असताना पायाने दोरी ओढून भावाला झोका देत असे. दाखला नव्हता. गुरुजींना काळजी वाटली, तर साहेबांनी प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या सहीने टीप लिहिली. पुढे 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि दाखल्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही हे कायद्यानेच ठरले.

मार्चमध्ये टोळी परत निघाली तेव्हा साहेबांनी मला एक कागद लिहायला लावला: "ही मुलगी साधे शब्द वाचते. वेलांटीत गोंधळते. बिनहातच्याची वजाबाकी येते. हिला गाणी आवडतात. पुढचे आपण पाहावे, ही विनंती." प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो तिच्या दप्तरात ठेवला. पुढच्या दिवाळीनंतर ती पुन्हा आली आणि तोच कागद तिने माझ्यासमोर धरला. खाली दुसऱ्या हस्ताक्षरात दोन ओळी होत्या: "वेलांटी झाली. हातचा चालू आहे." त्या शिक्षकाला मी कधी पाहिले नाही. दोन जिल्ह्यांतले आम्ही दोघे मिळून एका मुलीला शिकवत होतो. ती दोन हंगाम आली; तिसऱ्या वर्षी टोळीला दुसरा कारखाना मिळाला. स्थलांतरित मुलांनी दुसऱ्या शाळेत जाताना बरोबर न्यायचे शासनाचे शिक्षण हमी पत्रक निघाले तेव्हा ते हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते.

खूप वर्षांनी एका प्रशिक्षणात 'सर्व्हंट लीडरशिप' हा शब्द ऐकला. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1970 मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यांना ही कल्पना हेर्मान हेसेच्या एका कादंबरीतून सुचली. तिच्यात प्रवाशांच्या तांड्याचा एक सेवक असतो. तो नाहीसा होताच तांडा मोडतो, आणि पुढे कळते की तोच त्या संघाचा प्रमुख होता. ज्यांची सेवा केली ती माणसे वाढली का, ही ग्रीनलीफची कसोटी. ऐकताना मला आषाढातली आमची शाळा आठवली. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे जाते. बेलवडीला गोल रिंगण होते. त्या दिवसांत वाटेवरच्या शाळांच्या खोल्या वारकऱ्यांना मुक्कामाला दिलेल्या असतात. पालखी पुढे गेली की खोल्यांत चिखल, पत्रावळ्या, राख. पहाटे तिथे खराटा घेऊन कोण असे, हे सांगायला नको. वारीत लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. त्या वाटेवर राहणाऱ्याला ग्रीनलीफ वाचावा लागत नाही.

तरी एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये शाळांच्या नेतृत्वावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम त्या प्रमुखाचा दिसला, जो शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होतो. साहेबांचे गुरुवार म्हणजे दुसरे काय होते?

22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि राज्यभरातून शिक्षक साताऱ्याचे कुमठे बीट (शाळांचा गट) पाहायला जाऊ लागले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या शिक्षकांना बरोबर घेऊन शाळा बदलल्या होत्या. मीही गेले. फरशीवर आखलेली अक्षरे, गोल करून बसलेली मुले, प्रत्येक मूल कुठवर आले हे तोंडपाठ असलेले शिक्षक. जे आमच्या केंद्रात एका माणसाच्या पिशवीतून निघत होते, ते तिथे अख्ख्या बीटात चालू होते. परतताना बसमध्ये मला रडू आले. कारण साहेब निवृत्त झाल्यावर आमच्या केंद्राची जागा बराच काळ रिकामी होती. प्रभारी कारभार दुसऱ्या केंद्राच्या माणसाकडे. तो बिचारा दोन्हीकडचे तक्ते भरता भरता दमून जाई. अशा रिकाम्या जागा राज्यात किती वर्षे किती होत्या, हे शिक्षक जाणतात. पोरांच्या वाचनाची काळजी करणाऱ्या प्रत्येकाने आधी या जागांचा हिशेब मागावा असे मला वाटते.

पुढे माझी बदली बारामतीच्या जिरायत भागात, सुप्याच्या बाजूला झाली. तिथे उन्हाळ्यात टँकर येतो. मी पुन्हा माणात आल्यासारखी झाले. साहेब गेल्याचे मला तिथे कळले, तेही चार दिवसांनी. दहाव्याला गेले तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी आतून ती जाड वही आणून दाखवली. आमच्या शाळेच्या पानावर मुलांची नावे होती, पुढे तारखा आणि अडलेली अक्षरे. त्या सहा पोरांचीही होती. दोघींच्या नावापुढची जागा कोरी होती.

यंदाही दिवाळीनंतर कोप्या पडतील. काटेवाडी, सणसर, माळेगाव, सोमेश्वरनगर, बिजवडी, कुठेही आपल्या रानाजवळ कोपी दिसली आणि तिच्यात सहा ते चौदा वर्षांचे मूल दिसले, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन शिक्षकांना सांगा. दाखला लागत नाही. संध्याकाळी चुली पेटल्यावर जा. तेव्हा आई-बाप भेटतात.