लॅटिसवाल्यांबद्दल माझं मत

संगणकातून निघालेल्या आकड्याला मी बरीच वर्षं सिद्धान्ताच्या पंक्तीला बसू देत नव्हतो. फाइनमन आकृत्या आणि पेन्सिल यांवर वाढलेला माणूस मी. लॅटिसवाले म्हणजे महासंगणकावर वेळ मागत फिरणारी आणि शेवटी दहा-पंधरा टक्क्यांनी चुकणारी मंडळी, असं मी सेमिनारनंतरच्या चहावर त्यांच्या तोंडावर म्हणत असे. आता क्वार्कची वस्तुमानं कुठून घेऊ असं एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलं, तर मी त्याला बेधडक लॅटिसचेच आकडे देतो.

क्वार्क सुटा मिळत नाही, म्हणून त्याचं वस्तुमान थेट मोजता येत नाही. केनेथ विल्सननं 1974 मध्ये अवकाश-काळाची चार मितींची जाळी, म्हणजेच लॅटिस, कल्पिली: क्वार्क तिच्या बिंदूंवर, ग्लुऑन बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर. संगणक ग्लुऑनक्षेत्राच्या शक्यतांचे नमुने काढतो, त्यांच्या सरासरीतून पायॉन, केऑन यांची वस्तुमानं मिळतात. ती प्रयोगाशी जुळेपर्यंत क्वार्कची वस्तुमानं फिरवायची, मग जाळीची वीण बारीक करत करत शून्यापर्यंतचा अंदाज बांधायचा.

बटणं फिरवून उत्तर जुळवलं तर त्यात भाकीत कुठलं, हा माझा पहिला आक्षेप. दुसरा जास्त बोचरा होता. तेव्हाची बहुतेक गणितं ‘क्वेंच्ड’ असत. निर्वातात सतत उमटून विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्या त्यांतून सरळ वगळलेल्या, कारण त्यांचा परिणाम हिशेबात आणणारा डिटरमिनंट काढणं यंत्राला झेपत नसे. नव्वदच्या दशकात कणांच्या अधिकृत तक्त्यात स्ट्रेंज क्वार्कपुढे 100 ते 300 एमईव्ही असं छापलेलं असे. असा काटा भाजीवाल्यानं ठेवला असता तर गिऱ्हाइकानं पिशवी तिथेच टाकली असती.

2004 मध्ये एचपीक्यूसीडी, मिल्क आणि फर्मीलॅब या गटांचा एकत्रित निबंध आला. त्यातली एक आकृती मी अजूनही वर्गात दाखवतो. डाव्या बाजूला क्वेंच्ड गणितं: पायॉन-केऑनचे क्षय-स्थिरांक, अप्सिलॉनच्या पातळ्यांमधली अंतरं, सगळे ठिपके प्रयोगाच्या रेषेपासून इकडेतिकडे भरकटलेले. उजवीकडे तेच ठिपके, फक्त जोड्या हिशेबात घेतल्यावर, रेषेवर शिस्तीत उभे. बटणं पाचच, चार क्वार्कवस्तुमानं आणि एक युग्मन. ती पाच मोजमापांवर बसवल्यावर बाकीचे ठिपके कुणी हलवू शकत नव्हतं. पहिला आक्षेप तिथे संपला.

तरी मी पूर्ण वळलो नव्हतो. त्या गणितांतले ‘स्टॅगर्ड’ क्वार्क एकाच्या जागी चार उगवतात, म्हणून डिटरमिनंटचं चतुर्थमूळ काढून काम भागवलेलं होतं. लॅटिसवर संगणकी गणितं करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी असलेला मायकेल क्रॉइट्झ त्याविरुद्ध उघडपणे लिहीत होता आणि मी मनानं त्याच्या बाजूचा. मला हलवलं ते दुसऱ्या गटांनी. विल्सन, डोमेन-वॉल, ट्विस्टेड मास अशा वेगळ्या घडणीच्या क्वार्कांवर, मूळबीळ न काढता, त्यांनी तेच आकडे काढले: 2 जीईव्हीच्या मापपट्टीवर अप-डाउनची सरासरी सुमारे 3.4 एमईव्ही, स्ट्रेंज सुमारे 93. मूळ काढण्यात खोट असती तर इतक्या वेगळ्या वाटांनी येणारे लोक एकाच दारात कसे भेटले असते?

फ्लॅग नावाचा एक गट या आकड्यांची छाननी करतो, तीही कडक. वीण पुरेशी बारीक नसेल, जाळीनं व्यापलेली पेटी पुरेशी मोठी नसेल, तर लाल चौकोन मिळतो आणि तो निकाल सरासरीतून बाद. आपल्याच धंद्यातल्या माणसांना असे शेरे देणं सोपं नसतं.

एक उत्तर मात्र मला आवडलेलं नाही. अप क्वार्क वस्तुमानहीन असेल तर प्रबळ बलात सीपी सममिती का मोडत नाही, हे कोडं आपोआप सुटतं. त्या कल्पनेवर माझा फार जीव होता. लॅटिसनं अप क्वार्कला सुमारे 2.2 एमईव्ही दिले, आणि त्यातल्या अनिश्चिततेला शून्याच्या जवळपासही जागा नाही. विषय मिटला.

अल्फा-एस, म्हणजे प्रबळ युग्मन, याबाबत मी अजून थोडा हात राखून असतो. झेड बोसॉनच्या वस्तुमानापाशी त्याचं मूल्य 0.118 च्या आसपास, लॅटिसच्या सरासरीतली अनिश्चितता एक टक्क्याहून कमी. अडचण अशी की पायॉन मावेल एवढी मोठी पेटी आणि उच्च ऊर्जेला पुरेल एवढी बारीक वीण एकाच गणितात परवडत नाही. आल्फा गटानं त्यावर काढलेला तोडगा मला अतिशय देखणा वाटतो: पेटीच्या आकारालाच ऊर्जेची मापपट्टी करायचं, पेटी निम्मी करायची, युग्मन मोजायचं, पुन्हा निम्मी, असं करत जिथे पर्टर्बेशनची मालिका निर्धास्त वापरता येते त्या ऊर्जेपर्यंत चढायचं. इतर बहुतेक पद्धती ही चढण टाळून मालिका खालीच लावतात, आणि त्यांच्यातली मोठी अनिश्चितता जाळीतून येतच नाही. ती येते मोजक्या पदांवर तोडलेल्या त्या मालिकेतून. ती पदं काढण्याचं काम आम्हा पेन्सिलवाल्यांचं आहे.