थेंबाचा घाट

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ फ्रान्स्वा ग्रांझाँ यांनी अभ्रकाच्या पापुद्र्यावरील द्रव-स्फटिकाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळला. तो गोलाकार नव्हता. नदीच्या घाटासारखा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होता. वाहत्या पदार्थाला पायऱ्या कशा?

१९२२ मध्ये जॉर्ज फ्रिडेल यांनी उलगडा केला: इथले रेणू समान जाडीच्या थरांत उभे असतात आणि थरावरून थर घसरतो, म्हणून पदार्थ वाहतो. (‘द्रव-स्फटिक’ हे नावच त्यांना अमान्य होते, ते असो.) एक थर सूक्ष्मदर्शकाला दिसणे अशक्यच, तर्काला आधार होता तो पृष्ठभागावरील पायऱ्यांचा आणि थेंबांत उमटणाऱ्या लंबवर्तुळांचा. पुढच्याच वर्षी क्ष-किरणांनी ते थर सिद्ध केले. तो प्रयोग दोघांचा होता: मोरिस द ब्रॉय आणि एदमों फ्रिडेल, म्हणजे जॉर्ज यांचे चिरंजीव.