फोटोतला ट्रक

श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला निघालेली घरची मंडळी, मागं ट्रक. फोटो १९५३ चा, पदरानं अर्धा चेहरा झाकलेली ती आजी, कडेवर धाकटी आत्या, असंच आम्ही मानत आलो. परवा काच पुसताना ट्रकच्या नाकावर वर्तुळातली तीन टोकांची चांदणी दिसली. टाटा-मर्सिडीज! हे ट्रक जमशेदपूरला बनू लागले १९५४ पासून. म्हणजे हा त्यापुढचा अभिषेक, १९६७ चा. पण आजोबा तर तोवर गेलेले. मग आजीच्या हातात एवढ्या बांगड्या कुठल्या?

ती माझी आई. मला कळू लागण्याआधीच गेली. तिचा एकही फोटो नाही म्हणून जन्मभर हळहळले, आणि ती इथंच होती, भिंतीवर. कडेवर मला घेऊन.