हलणारा जॉब

उन्हाळ्यात ‘शहराचा पारा ४२ अंशांवर’ असं पेपरात छापून येतं, तेव्हा तो पारा आमचा असतो. वेधशाळा चिकलठाण्यात आहे. गुलमंडीवरच्या माणसाला किती उकडलं हे कुणी मोजत नाही, मोजलं जातं ते आमच्या डोक्यावरचं ऊन. याचा आम्हा चिकलठाणेकरांना उगाच थोडा अभिमान आहे.

घर एमआयडीसीच्या मागच्या बाजूला. प्लॉट बाराशे फुटांचा, त्यात बांधकाम सोडून समोर जेमतेम दहा फुटांची पट्टी उरली. जमीन म्हणजे मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची. दोन ट्रॉल्या काळी माती टाकली तेव्हा कुठे लिंबू, कढीपत्ता, जास्वंद आणि शेवगा धरले. नळ आठवड्यातून एकदा, त्यामुळे भांडी विसळलेलं पाणी लिंबाला आणि तांदूळ धुतलेलं जास्वंदीला, अशी वाटणी ठरलेली.

मी एका कंपनीत टूलरूमला होतो. एकतीस वर्षं लेथ, मिलिंग, सरफेस ग्राइंडर. पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी शिकवलं होतं, जॉब हलता कामा नये. आधी पक्का धरायचा, क्लॅम्प आवळायचा, डायल लावून बघायचं, मगच टूल लावायचं. रिटायर झाल्यावर मुलानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना निकॉन, त्याच्या पन्नास एमएमच्या लेन्ससकट, मला दिला. जवळून फोटो काढायचे तर मॅक्रो लेन्स लागते म्हणाला. किंमत ऐकून मी गप्प बसलो. पण लेन्स उलटी लावली की तीच भिंगासारखं काम करते, हे कुठेतरी वाचलं होतं. लेन्सच्या तोंडाचा आटा ५२ मिलिमीटरचा, पिच पाऊण. जुन्या मित्राच्या वर्कशॉपात जाऊन ॲल्युमिनियमची रिंग काढली, कॅमेऱ्याच्या बॉडी कॅपला भोक पाडून त्यात अॅराल्डाइटनं बसवली. खर्च चहाचा. फ्लॅशपुढे बटर पेपर. ऑटोफोकस बंद, ॲपर्चर हातानं फिरवायचं आणि फोकस करायचा म्हणजे आपणच श्वास धरून पुढेमागे डुलायचं. किड्यापासून चार बोटांवर लेन्स आणि स्पष्ट दिसणारी पट्टी मिलिमीटरभर. मुंगीच्या मिशा नीट आल्या तर डोळे धूसर.

आणि जॉब हलतो. फूल वाऱ्यानं हलतं, किडा स्वतःच्या मर्जीनं हलतो, वरून विमान गेलं की मी हलतो. पहिल्या वर्षी हजारभर फोटोंतले बरे म्हणावेत असे तीस निघाले.

फोटोंचे फोल्डर मी नक्षत्रांच्या नावानं ठेवले आहेत. आमच्या घरात आईच्या तोंडी महिने कधी नव्हतेच. रोहिणी, मिरग, आडदरा असाच तिचा हिशोब. रोहिणीचा फोल्डर पाण्याच्या परळाचा. गच्चीच्या सावलीत मातीचं परळ भरून ठेवलं की सकाळी आधी बुलबुल येतात, मग चिमण्या, आणि दुपारी ऊन भणाणलं की गांधीलमाश्या. त्या पाण्यावर अलगद उतरतात, सहा पायांवर, आणि पृष्ठभागावर सहा खळगे पडतात. तो फोटो मला अजून नीट साधलेला नाही.

त्या दिवसांत शिंजीर रंगात असतो. नर म्हणजे काळ्यावर जांभळं-हिरवं तेल सांडल्यासारखा. जास्वंदीच्या देठाशी चोच खुपसून रस चोरतो, पण त्याचं खरं प्रेम माझ्या स्कूटरच्या आरशावर. आतल्या ‘दुसऱ्या’ नराशी रोज तासभर मारामारी. शेवटी हिनं आरशाला दुधाची रिकामी पिशवी बांधली. मी स्कूटर घेऊन तसाच जालना रोडला गेलो आणि सिग्नलला एकानं विचारलं, “काका, नवस आहे का काही?”

हाच शिंजीर दसऱ्याच्या सुमारास ओळखू येत नाही. विणीचा काळ सरला की नर आपला झगमगता पिसारा टाकतो, पोट पिवळट होतं आणि गळ्यापासून खाली तेवढी एक गडद रेघ राहते. पहिल्या साली मला वाटलं, नवा पक्षी सापडला. दोन दिवस पुस्तकं चाळली. मग जुने फोल्डर उघडून चोच, पाय, फांदी ताडून पाहिली. तोच होता, साधे कपडे घालून आलेला.

मिरगाचे पहिले थेंब पडले की समोरच्या मोकळ्या प्लॉटवर मखमली लाल मिरगाचे किडे निघतात. आम्ही लहानपणी ते काड्यापेटीत ठेवायचो. नातवाला दाखवला तर म्हणाला, “आबा, याला चार्जिंग कुठून करतात?” किडा म्हणतो खरं आपण, पण मोजले तर पाय आठ. जात कोळ्याची. उलट्या लेन्समधून त्याच्या लालीचा एकेक केस सुटा दिसतो. त्याच आठवड्यात विजेच्या तारेवर चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेतून येणारे चातक आपल्याकडे अंडी घालतात ती सातभाईंच्या घरट्यात. म्हणजे चोच वर करून थेंबाची वाट बघणारा तो बिचारा वगैरे काही नाही, पोरं दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याइतका चलाख आहे. सातभाई तो दिसला की गल्ली डोक्यावर घेतात. वेधशाळेचा पावसाचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. सातभाईंचा कलकलाट आदल्या दिवशीच झालेला असतो.

आता शिंपिणीचं.

तीन वर्षांपूर्वी, पुष्य नक्षत्रात, लिंबाच्या बाजूच्या सीताफळावर शिंपी पक्ष्याच्या जोडीनं घरटं केलं. मादीनं दोन पानं शेजारी ओढली, कडांना चोचीनं भोकं पाडली आणि रुईच्या म्हाताऱ्यांचा कापूस, कोळ्याचं जाळं असलं काहीबाही त्यातून ओढलं. मी चार फुटांवरून बघत होतो. आपण शिवण म्हणतो, पण ती सलग शिवण नाही. एका भोकातून धागा काढला की बाहेरच्या बाजूला तो पिंजला जाऊन त्याची गाठोळी होते आणि मागे सरकत नाही. प्रत्येक टाका सुटा. शिंपीकाम कसलं, हे तर रिव्हेटिंग. मी ते बघून इतका खूश झालो की जुन्या मित्राला फोन करून सांगितलं.

अंडी तीन होती. बारा-तेरा दिवसांनी पिल्लं निघाली. आई-बाप दिवसभर अळ्या आणत. पण घरट्यावर सीताफळाचं एक रुंद पान झाकणासारखं आलं होतं, उजेड आत पोचत नव्हता, आणि उघडलेल्या तीन चोचींचा फोटो काळाच येत होता. दोन दिवस मी कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी सुतळीचा तुकडा घेऊन ते पान मागे ओढून फांदीला बांधलं. क्लॅम्प. दहा मिनिटांत फोटो मिळाला. तीन पिवळ्या चोची, आतला लाल घसा, काठावर बाप, त्याच्या चोचीत हिरवी अळी. सगळं टोकदार. मी काढलेल्यांतला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. सुतळी संध्याकाळी सोडू म्हटलं. संध्याकाळी पाहुणे आले.

दुसऱ्या दिवशी ही चहा घेऊन बाहेर आली ती हसतच. “अहो, कुंपणावर भारद्वाज होता. दिवस चांगला जाणार.” भारद्वाज दिसणं आपल्याकडे शुभ. मी कप ठेवला आणि सीताफळाकडे गेलो. घरटं जागच्या जागी होतं, एकही टाका न उसवलेलं. आत काही नव्हतं. पान सुतळीनं बांधलेलं तसंच. भारद्वाज पिल्लं आणि अंडी खातो हे मला माहीत होतं. तो तोच होता की रात्री मांजर आलं, ते मी पाहिलेलं नाही. शिंपीण दिवसभर चोचीत अळी घेऊन येत होती, घरट्याशी थांबत होती आणि अळी घेऊनच परत जात होती.

हिला मी दोन महिन्यांनी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “तरी म्हटलं सुतळीचं बंडल कुठे गेलं.” तो फोटो मी कुणाला पाठवला नाही. पुसलाही नाही.

त्यानंतर मी पानाला हात लावत नाही. दिसलं तर दिसलं. फोटो धूसर आला तरी ठेवतो, कारण त्यावर तारीख असते. धोबी पक्षी गच्चीवर शेपूट हलवत उतरला तो कुठल्या दिवशी, शेवग्यावर लाकूडपोखऱ्या काळ्या भुंग्यांची गर्दी कधी झाली, हे धूसर फोटोलाही तेवढंच ठाऊक असतं. हस्ताच्या सुमारास आमच्या गल्लीवर पिवळट चतुरांचे थवे तरंगतात, त्यांचे तर माझ्याकडे फक्त ठिपके आहेत. पण हे चतुर हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ साली मांडलं. बोटभर लांबीचा प्राणी. ते वाचल्यापासून ते ठिपके मोठे करून बघायला बरं वाटतं.

लोक विचारतात, सलीम अली सरोवरावर का जात नाही, जायकवाडीला रोहित पक्षी येतात तिकडे का नाही जात? जातो कधीमधी. पण तिथे पक्षी पाहुणे असतात आणि मीही. इथे मला कढीपत्त्याच्या कुठल्या फांदीवर कोण आहे हे रोज बघता येतं.

कढीपत्त्यावरून आमच्या घरात करार झालेला आहे. महाराष्ट्रानं २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. ते रुबाबदार काळं-निळं फुलपाखरू आमच्या अंगणात अजून फिरकलेलं नाही. येतं ते त्याचं गरीब भावंड, लिंबावरचं पिवळं-काळं ठिपक्यांचं. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं चिकटवत जाते, साबुदाण्याच्या दाण्याहून बारीक. अळी निघते ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. खाणाऱ्याला किळस यावी म्हणून. मोठी झाली की एकदम हिरवी होते, आणि गवताच्या काडीनं डिवचलं तर मानेतून नारिंगी-लाल दुबेळकं शिंग बाहेर काढते. त्याला सडक्या फळासारखा उग्र वास येतो. चार बोटांवर नाक असलेल्या माणसाला तो चांगलाच येतो. फोडणीला पानं लागतात आणि अळ्या ती फस्त करतात, म्हणून ठरलं. भिंतीकडच्या दोन फांद्या किड्यांच्या, बाकीचं झाड हिचं.

गेल्या भाद्रपदात तिथल्या एका अळीनं कोष केला. कमरेला रेशमाचा एक धागा, लाइनमन खांबावर पट्टा लावून मागे रेलतो तशी. आठ दिवस मी काही न करता बघत बसलो. नवव्या संध्याकाळी कोष काळपट झाला आणि आतल्या पंखांचे पिवळे ठिपके बाहेरून दिसायला लागले. पहाटे साडेतीनला स्टूल मांडून बसलो. पावणेपाचला कोषाच्या डोक्याशी केसाएवढी फट पडली. मी श्वास धरला, पुढे झुकलो, आणि आतून आवाज आला.

“अहो! नळ आलाय!”

आठवड्याचं पाणी. प्रेशर येईल तितकी पंधरा-वीस मिनिटं. मोटर लावली, नळी ड्रमात सोडली, दुसरा ड्रम सरकवला, टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला. परत आलो तेव्हा कोष पोकळ होता, कागदासारखा, आणि शेजारच्या देठावर ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू लटकत होतं. पंख हाताच्या तळव्यात चुरगाळलेल्या क्रेप कागदासारखे. त्यांत रक्त म्हणा, रस म्हणा, भरत गेला आणि घडी उलगडत गेली. ते सगळं पाहिलं. सात वाजता ऊन आलं, पंख दोनदा उघडले-मिटले, आणि ते शेवग्यावरून पलीकडे गेलं. फट पडल्यापासून बाहेर येईपर्यंतचा मधला भाग माझ्याकडे नाही.

यंदाही भिंतीकडच्या फांदीवर कोष आहे. काल दुपारपासून तो काळपट दिसतोय. नळाचा वारही उद्याच आहे. मी संध्याकाळी ड्रम घासायला घेतले तर ही म्हणाली, “राहू द्या. उद्याचं पाणी मी बघते.”

स्टूल बाहेर नेऊन ठेवलंय.