दोन कॅमेऱ्यांच्या मधलं दृश्य

१९९९ च्या 'द मेट्रिक्स'मध्ये गच्चीवर निओ गोळ्या चुकवत मागे झुकतो आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो. प्रत्यक्षात तिथे फिरणारा कॅमेराच नव्हता. सुमारे १२० स्थिर कॅमेरे वळणावर ओळीने लावले होते. नुसते तेवढे फोटो जोडून गती गुळगुळीत होईना, म्हणून मधल्या फ्रेम संगणकाने रचल्या. माझं काम या मधल्या फ्रेमचं.

त्यामागचं तंत्र चेन आणि विल्यम्स यांनी १९९३ मध्ये मांडलं. पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती दूर आहे हे माहीत असलं, की दुसऱ्या चित्रात तो कुठे जाईल ते काढता येतं. अर्ध्या वाटेवर थांबवला की मधलं दृश्य मिळतं. पिक्सेल असे सरळ रेषेत सरकवले, की कॅमेरे एकमेकांकडे वळलेले असताना वस्तू मध्यावर वेडीवाकडी होते. त्यावर १९९६ मध्ये साइट्झ आणि डायर यांनी तोडगा काढला: दोन्ही चित्रं आधी समांतर करून घ्यायची, मग पिक्सेल सरकवायचे आणि शेवटी दृश्य हव्या त्या कोनात वळवायचं.

पण नथ घातलेला चेहरा समोर आला, की खरी परीक्षा असते. मोत्यावरची चमक मोत्याला चिकटलेली नसते. बघणारा हलला की तीही हलते. प्रोग्रामला मात्र ती मोत्यावरचा डाग वाटते आणि मधल्या फ्रेममध्ये एकाच मोत्यावर दोन फिकट ठिपके उमटतात. मग मी मोती वेगळा काढते, चमक पुसते आणि तिच्या जागी नव्याने बसवते. या कामाला घाई चालत नाही. चेहऱ्यावर काहीतरी बिनसलंय, हे प्रेक्षकाला कारण न कळताही जाणवतं.

२०२० मध्ये आलेल्या नर्फ पद्धतीत बघण्याच्या दिशेनुसार रंग बदलतो, त्यामुळे चमक बरीच सांभाळली जाते. तरीही नथीआडची जी त्वचा एकाही कॅमेऱ्याला दिसली नाही, ती कुठलीही पद्धत अंदाजानेच भरते. म्हणून शूटिंगच्या आधीच मी हनुवटीच्या उंचीवर आणखी एक कॅमेरा मागते आणि त्यासाठी वादही घालते.

नाचाच्या दृश्यात असा अंदाज मला मान्य आहे. चेंडूने बॅटची कड घेतली की नाही, असा प्रश्न असेल तर मी दोन्ही मूळ फ्रेम देते. मधली देत नाही.