तीन घाट, एकशेवीस किलोमीटर

पुण्याहून महाबळेश्वरला आपल्यापैकी बहुतेकजण कधी ना कधी गेलेलेच असतात. उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन, नाहीतर व्यापारी मंडळाच्या सहलीबरोबर. मोटारीतून हा रस्ता तीन-साडेतीन तासांत सरतो. वाटेत कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट लागतात, याची जाणीव मागे बसलेल्या एखाद्याला मळमळू लागले तरच होते. हाच रस्ता सायकलवरून पार करताना मात्र त्याची प्रत्येक चढण, प्रत्येक वळण आणि डांबरातील प्रत्येक भेग शरीराला कळते. गेल्या हिवाळ्यात आमच्या सायकल क्लबाच्या २२ जणांसमवेत मी तो एका दिवसात पार केला. त्या दिवसाची हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

बँकेतील नोकरी संपल्यावर मी सायकल हाती घेतली. आपल्या व्यापारी घरांतून सायकलकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टी आहे. सायकल म्हणजे दुकानातल्या पोऱ्याचे वाहन. घरच्या माणसाने त्यावर बसणे म्हणजे धंदा बसल्याची जाहिरात! आमच्या क्लबातील एक कापड व्यापारी, ज्यांना सगळेजण अण्णा म्हणतात, यांना तर घरातून हा विरोध फार झाला. वय ५८, गादीवर बसून चाळीस वर्षे झालेली, आणि त्यांतील बारा वर्षे मधुमेहाची. डॉक्टरांनी चालण्यास सांगितले होते. गुडघे चालू देईनात, म्हणून ते सायकलकडे वळले. ‘तुमच्या वयाला आणि नावाला हे शोभते का?’ असे चिरंजीवांनी विचारले, तेव्हा अण्णांनी शांतपणे उत्तर दिले, “माझे वडील सायकलच्या कॅरिअरला कापडाचे गठ्ठे बांधून आठवड्याच्या बाजारांना जात असत. त्या नावावरच तर हे दुकान उभे आहे.”

पहाटे पाच वाजता आम्ही स्वारगेटहून निघालो. डिसेंबरातील अंधार, समोर पांढरा व मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट, अंगावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटे. पाठीमागून एक टेम्पो. त्यात पाणी, केळी, जादा ट्यूब आणि हवेचा पंप. क्लबाचे नियम मोजके आहेत. पुढच्याने रस्त्यातील खड्डा हाताने दाखवावयाचा, मागच्याने गाडी येत असल्यास ओरडून सांगावयाचे, आणि रांगेच्या अगदी शेवटी एक अनुभवी स्वार राहावयाचा. त्याने कोणत्याही परिस्थितीत कोणाच्या पुढे जावयाचे नाही. त्या दिवशी ही जबाबदारी एका तरुण डॉक्टर मुलीकडे होती. क्लबातील सर्वांत वेगवान चार स्वारांपैकी ती एक. तरीही सबंध दिवस ती सर्वांत मंद माणसाच्या मागे होती.

जुन्या कात्रज घाटाने अंग तापवले. उतार संपून खेड-शिवापूरचा सपाट भाग लागला तेव्हा थंडीने बोटे बधिर झाली होती. परंतु याच टप्प्यात गटाने सायकल चालवण्याचे मर्म ध्यानी येते. सपाट रस्त्यावर वेग ताशी तीस किलोमीटरच्या जवळ गेला की, स्वाराच्या शक्तीचा बहुतांश भाग केवळ हवा कापण्यात खर्च होतो. पुढच्याच्या चाकामागे हात-दीड हात अंतरावर आपले चाक ठेवले तर तीच गती सुमारे पाव ते एकतृतीयांश कमी श्रमात राखता येते. म्हणून रांगेत पुढे राहण्याची पाळी दर काही मिनिटांनी बदलते. पुढचा बाजूला होऊन मागे जातो, दुसरा वारा अंगावर घेतो. मी बँकेतला माणूस. मला यात बिनव्याजी कर्जाचा व्यवहार दिसतो. आता तू माझ्यासाठी वारा झेल, दहा मिनिटांनी मी तुझ्यासाठी झेलीन. ना तारण, ना जामीन. अट एवढीच की, कर्ज घेणाऱ्याने अचानक ब्रेक दाबू नये!

पुणे आणि सातारा जिल्ह्यांची सीमा असलेली नीरा ओलांडून आम्ही शिरवळला पोहोचलो तेव्हा पन्नास किलोमीटर झाले होते. हॉटेलात कांद्याविना पोहे मिळतील का, या आमच्या प्रश्नावर मालकाने क्षणभर आमच्या घट्ट पोशाखांकडे आणि मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहिले, आणि “अर्धा तास लागंल, शेठ,” म्हणून सांगितले. अर्धा तास कोणाकडे होता? शेवटी खाखरे, खजूर आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चिक्की यांवरच न्याहारी झाली. एका तरुण अभियंत्याजवळ परदेशी बनावटीच्या गोड जेलची पाकिटे होती. दोन खाखऱ्यांच्या बदल्यात त्याने एक देऊ केले; कोणीही तो सौदा स्वीकारला नाही.

खंडाळ्यानंतर खंबाटकी. पुण्याकडे येणारी वाहने येथे बोगद्यातून येतात. आम्ही गेलो तेव्हा साताऱ्याकडे जाणाऱ्यांना घाट चढूनच जावे लागे. उसाचे ट्रॅक्टर, मालवाहू ट्रक, एसटी, सगळे एकाच दिशेने, एकाच चढणीवर कण्हत असतात. गंमत अशी की, भरलेल्या ट्रकचा वेग येथे सायकलपेक्षा फारसा अधिक नसतो. एका क्लीनरने खिडकीतून डोके काढून तब्बल दोन वळणांपर्यंत आमच्याशी गप्पा मारल्या. अण्णा या घाटात उत्तम चालले. माथ्यावर त्यांनी साखर तपासली, समाधानकारक होती. त्यानंतरचा उतार मात्र सायकलस्वाराला आनंदाबरोबर खंतही देतो, कारण घामाने कमावलेली उंची दहा मिनिटांत खर्ची पडते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास. हा फरक एकदाच चढावयाचा असता तर गोष्ट वेगळी. येथे तीनदा चढून दोनदा उतरावे लागते.

सुरूर फाट्यावर महामार्ग सोडला, की कानांना एकदम शांतता जाणवते. पुढे वाई. कृष्णेचे घाट, १७६२ साली गणपतराव रास्ते यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याची धुरा वाहिली त्या मराठी विश्वकोशाचे कार्यालय. हे गाव खरे तर दोन दिवस राहून पाहण्याजोगे. आम्हाला तेथे पाऊणच तास मिळाला, आणि तो आमटी-भातात गेला. अण्णांनी अगदी थोडे खाल्ले. “भरल्या पोटी घाट चढवत नाही,” असे ते म्हणाले.

पसरणी गाव वाईला लागूनच आहे. शाहीर साबळे याच मातीतले. गाव मागे पडताच घाट सुरू होतो आणि सुमारे बारा किलोमीटर तो थांबत नाही. येथे सपाटीवरील तो बिनव्याजी कर्जाचा व्यवहार बंद पडतो. वेग ताशी आठ किलोमीटरवर आल्यावर वाऱ्याचा अडथळा नाममात्र उरतो; उरते ते गुरुत्वाकर्षण, आणि ते दुसऱ्याच्या पाठीमागे राहून चुकवता येत नाही. माझ्या सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढील दातेरी चाक ३४ दातांचे आणि मागील ३२ दातांचे. पायडलची एक पूर्ण फेरी म्हणजे जेमतेम सव्वादोन मीटर. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर पांचगणीपर्यंत किती, हा हिशेब मी मनात मांडला आणि लगेच पुसून टाकला. डावीकडे कातळ, उजवीकडे कठडा आणि खाली धोम धरणाचे निळे पाणी, वळणावळणावर माकडे. गट पांगला होता. जो तो आपल्या श्वासाशी एकटा.

माझ्या पुढे पंधरा-वीस पावलांवर अण्णा होते. घाटात सहा किलोमीटर आल्यावर त्यांचे पुढचे चाक डावी-उजवीकडे झोलू लागले. मी जवळ जाऊन विचारले, “अण्णा, बरे आहे ना?” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “साहेब, आज बँक बंद आहे का?”

मला हसू आले असते. पण मागून डॉक्टर मुलीचा आवाज आला. “काका, त्यांना थांबवा. सायकल धरा.” आम्ही दोघांनी त्यांना कठड्याशी बसवले. त्या थंड हवेत त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, हात कापत होते. तिने बोटाला टोचून यंत्रावर पाहिले. साखर ५८. सत्तरच्या खाली म्हणजे कमी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाला दीर्घ श्रमात हा धोका असतो, आणि अशा वेळी त्याचे त्यालाच तो कळत नाही. आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे, म्हणून तिने काय केले ते सविस्तर लिहितो. शुद्धीवर असलेल्या अण्णांना तिने पाण्यात तीन चमचे ग्लुकोज घालून पाजले. पंधरा मिनिटे काहीही न करता थांबलो. पुन्हा तपासले, ८४. मग केळे आणि दोन खाखरे दिले. शुद्ध हरपलेली असती तर तोंडात काहीही घालावयाचे नाही, थेट रुग्णवाहिका बोलवावयाची, हे तिने आम्हाला तेथेच बजावले.

अण्णा सावरले, चेहऱ्यावर रंग आला. अर्ध्या तासाने यंत्रावर ११२ दिसले, आणि ते हेल्मेट चढवू लागले.

“अण्णा, आता टेम्पोतून जायचं,” ती म्हणाली.

“अगं, आता मी ठणठणीत आहे. सहा किलोमीटर तर राहिले पांचगणीला.”

“एकदा साखर पडली की पुढच्या काही तासांत ती पुन्हा पडू शकते. पांचगणीच्या पुढे अजून एकोणीस किलोमीटर आहेत. तुम्ही वळणावर खाली गेलात तर मी काय करू?”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. सहा महिने ते या दिवसाची तयारी करीत होते, हे मला ठाऊक होते. घरी चिरंजीवांना काय सांगणार, हा प्रश्नही त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी हेल्मेट काढून तिच्या हातात दिले आणि टेम्पोच्या चालकाला हाक मारली. इतक्या वर्षांच्या नोकरीत तोट्याचा धंदा योग्य वेळी थांबवणारे व्यापारी मी मोजकेच पाहिले आहेत.

उरलेला घाट मी कसा चढलो ते फारसे आठवत नाही. पांचगणीत सगळा गट एकत्र थांबला होता. अण्णांना सोडून कोणीही पुढे गेला नव्हता. त्यानंतरच्या रस्त्यावर चढ-उतार सौम्य आहेत, परंतु पाय रिकामे झालेल्या माणसाला सौम्य चढही पुरेसा होतो. या टप्प्यात अण्णांनी आपले काम स्वतःच ठरवून घेतले. टेम्पो दर चार-पाच किलोमीटर पुढे जाऊन थांबे आणि ते रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे राहत. कोणाला लिंबू-मीठ, कोणाला साधे पाणी, हे त्यांना दुसऱ्याच थांब्यावर पाठ झाले होते. गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवण्याची चाळीस वर्षांची सवय! स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांजवळच्या थांब्यावर तर त्यांनी शेतकऱ्याशी घासाघीस करून दोन पाट्या मिळवल्या होत्या.

चार वाजता आम्ही महाबळेश्वरच्या बाजारपेठेत शिरलो. सर जॉन माल्कम यांच्या नावावरून पूर्वी माल्कमपेठ म्हणत ती हीच. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांचीही सोय व्हावी म्हणून साडेपाचलाच पंगत बसली. जेवणानंतर क्लबाची वही माझ्यापुढे आली. प्रत्येकाच्या नावापुढे त्या दिवसाचे अंतर लिहिण्याचे काम, जुन्या पेशामुळे, माझ्याकडे आहे. मी बावीस नावांपुढे १२० लिहिले आणि अण्णांच्या नावाशी थांबलो. डॉक्टर मुलगी म्हणाली, “काका, लिहा ना एकशेवीस. सगळा दिवस ते आमच्याबरोबरच होते.” इतरांनीही होकार भरला.

“नाही,” अण्णा म्हणाले. “माझी सायकल पंच्याण्णवला थांबली. तेवढेच लिहा, साहेब.”

मी ९५ लिहिले. त्यांनी चष्मा लावून आकडा नीट पाहिला, वही मिटली, आणि पसरणी घाट फेब्रुवारीत पुन्हा ठेवता येईल का, असे डॉक्टर मुलीला विचारले.